बेअरिंग आपोआप बरं होत नाही

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हातात व्हायब्रेशन मीटर घेऊन ४२ यंत्रांभोवती फिरायचं, प्रत्येक बेअरिंगपाशी आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेनं असं तीनदा टेकवायचं आणि आकडा वहीत उतरवायचा, हे काम मी सहा वर्षं केलं. पंप, ब्लोअर, त्यांच्या मोटारी आणि तीन गिअरबॉक्स. आकडा हद्दीत असला की बरोबरची खूण, हद्दीपलीकडे गेला की लाल गोल. एका महिन्यात सगळ्या खुणा बरोबरच्या आल्या आणि नवव्या दिवशी एका पंपाचं बेअरिंग असं गेलं की शाफ्टसुद्धा खराब झाला. वहीतला आकडा मीच घेतलेला होता आणि तो चुकीचा नव्हता. मग बेअरिंगनं काहीच सांगितलं नव्हतं का, की आम्ही ऐकायला महिन्यातून एकदाच जात होतो, हा प्रश्न मला सोडेना.

त्यातून यंत्रावरच कायम बसणारे कंपनाचे सेन्सर आले, आणि सेन्सर आले तसं त्यांचं पुढे काय करायचं हे काम माझ्याकडे आलं. मी मेकॅनिकलची. पायथन थोडंफार येत होतं. मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला डेटावरून शिकवणं, रात्री बसून शिकले. त्या कामाला आता साडेतीन वर्षं झाली. त्यात काय जमलं आणि कुठे मी सपशेल चुकले, ते लिहिते आहे. हेच काम हाती घेणाऱ्या कुणाचे तरी काही महिने वाचतील.

सुरुवात सगळे करतात तिथूनच मी केली. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं बेअरिंगच्या कंपनांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवली आहे. दोन हॉर्सपॉवरची मोटर, तिच्यात ६२०५ जातीचं नऊ गोळ्यांचं बेअरिंग, आणि त्यात विजेच्या ठिणगीनं मुद्दाम केलेले खड्डे. सगळ्यात लहान खड्डा ०.००७ इंचाचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. काही नोंदी सेकंदाला १२,००० मापांच्या, काही ४८,००० मापांच्या. मी प्रत्येक नोंदीचे २०४८ मापांचे तुकडे केले. तुकडे जास्त मिळावेत म्हणून शेजारचे दोन तुकडे अर्धे एकमेकांवर चढवले. मग सगळे पिसून ऐंशी टक्के मॉडेलला, म्हणजे डेटावरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायला आणि वीस टक्के तपासायला ठेवले. अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदानं.

चार दिवसांनी दुसरंच काही तपासताना लक्षात आलं की हा आकडा पोकळ आहे. अर्धे एकमेकांवर चढवलेले तुकडे पिसले, तर एकाच तुकड्याचा अर्धा भाग शिकवणीत आणि तोच भाग परीक्षेत जातो. पेपर आधीच दाखवून परीक्षा घ्यावी तसं. पण तेवढ्यानं संपत नाही. तुकडे चढवले नाहीत तरी एका खड्ड्याची नोंद एकाच बेअरिंगची असते, एकाच बसवणीतली, त्याच सेन्सरची. मॉडेल खड्डा ओळखायला शिकलंय की ते विशिष्ट बेअरिंग ओळखायला, हे त्या आकड्यातून कळतच नाही. मी विभागणी बदलली. एका आकाराच्या खड्ड्यांवर शिकवलं आणि दुसऱ्या आकाराच्या खड्ड्यांवर तपासलं. अचूकता धाडकन खाली आली. आउटर रेसचे, म्हणजे गोळ्या ज्या दोन कड्यांमधून धावतात त्यांतल्या बाहेरच्या कड्याचे, खड्डे बऱ्यापैकी सापडत होते, गोळीचे जवळपास नाहीतच.

ही गोष्ट मी नंतर पुष्कळांच्या कामात पाहिली. कुणी ९९ टक्के म्हटलं की मी आता एकच विचारते: शिकवणीतलं यंत्र आणि परीक्षेतलं यंत्र वेगळं होतं का? उत्तर यायला वेळ लागला, तर उत्तर मिळालेलं असतं.

आमच्या यंत्रांवर आल्यावर पहिले दोन महिने सेन्सर बसवण्यातच गेले, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. चुंबकानं चिकटवलेला सेन्सर काढायला-घालायला सोपा, पण वरच्या फ्रिक्वेन्सीचं बरंच काही चुंबकातच हरवतं. बेअरिंगची पहिली कुरबुर नेमकी तिथेच, काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. मधे रंगाचा थर असला तर आणखी वाईट. शेवटी रंग खरवडून, लोखंड उघडं करून, त्यावर चकत्या चिकटवून सेन्सर आट्यांवर घट्ट आवळले.

एका मोटारीच्या मागच्या बाजूला जागा सापडेना, म्हणून मी सेन्सर पंख्याच्या झाकणावर बसवला. आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. ते पाच मिनिटं शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बेअरिंगचं ऐकायचंय ना? मग पत्र्याचं का ऐकताय?" त्यांनी झाकणाला हात लावला, मग हाउसिंगला, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घराला, लावला, आणि माझाही हात दोन्हीकडे टेकवला. झाकण थरथरत होतं, हाउसिंग जवळपास स्तब्ध होतं. बेअरिंगपासून सेन्सरपर्यंत सलग लोखंड हवं. ही गोष्ट कुठल्याही मॉडेलला मागाहून शिकवता येत नाही.

प्रत्येक सेन्सर दर दहा मिनिटांनी दहा सेकंदांची नोंद घेऊ लागला. दहा सेकंद अशासाठी की मग फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झपर्यंत वेगळी ओळखता येते. डेटा धो धो यायला लागला, आणि तेव्हा खरी अडचण समोर आली. बिघाडाचा डेटा नव्हताच. विद्यापीठाच्या नोंदीत प्रत्येक नोंदीवर ‘आउटर रेस’, ‘इनर रेस’ असं लेबल होतं. आमच्याकडे होती लॉगबुकं, आणि त्यांत लिहिलेलं असायचं ‘बेअरिंग बदलले’. का बदललं? गेलं होतं की वेळापत्रकाप्रमाणे काढलं? आत काय सापडलं? काहीच नाही.

काकांना घेऊन मी तीन आठवडे दुपारनंतर लॉगबुकं वाचत बसले. त्यांना आश्चर्यकारक आठवत होतं. ‘आवाज येत होता, ग्रीस मारले’ या ओळीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "हा कोरडा आवाज. ग्रीस मारल्यावर तासभर गप्प बसलं आणि परत सुरू झालं. म्हणजे ग्रीसचं दुखणं नव्हतं." दुसऱ्या ओळीवर, "हे अलाइनमेंट, शाफ्ट एका रेषेत नव्हते. पाइपानं पंप ओढला होता, फ्लँज सोडल्यावर बोटभर सरकला." जुन्या नोंदींतल्या ७३ घटनांपैकी ३१ घटनांना आम्ही भरवशानं नाव देऊ शकलो. बाकीच्या मी ‘माहीत नाही’ म्हणून ठेवल्या. त्यांना अंदाजानं काहीतरी नाव देऊन टाकावं असा मोह खूप झाला, पण चुकीचं लेबल हे लेबल नसण्यापेक्षा वाईट, यावर मी आजही ठाम आहे.

एकतीस घटनांवर आणि इतक्या प्रकारच्या यंत्रांवर बिघाड ओळखायला शिकवणं शक्य नव्हतं. म्हणून वाट उलटी धरली: यंत्राला त्याची निरोगी अवस्था शिकवायची आणि तिच्यापासून फारकत झाली की सांगायचं. दहा सेकंदांच्या नोंदीतून पंचवीसेक वैशिष्ट्यं काढली. एकूण कंपन किती, वेगवेगळ्या पट्ट्यांत ऊर्जा किती, शाफ्टच्या फेऱ्यांइतक्या फ्रिक्वेन्सीला किती, दुपटीला किती. आणि कर्टोसिस. कर्टोसिस म्हणजे सिग्नल किती टोकदार आहे त्याचं माप. निरोगी बेअरिंगची सळसळ साधारण घंटेच्या आकाराच्या वितरणासारखी असते आणि तिचा कर्टोसिस ३ च्या आसपास येतो. गोळी खड्ड्यावरून गेली की टक्कन आघात होतो, सिग्नलला सुळके येतात आणि आकडा चढतो.

त्यावर आयसोलेशन फॉरेस्ट लावलं. लिऊ, टिंग आणि झोउ यांनी २००८ मध्ये मांडलेली ही पद्धत मला तिच्या साधेपणामुळे आवडते. डेटा उगाचच कुठेही छेदत जायचं. जो बिंदू गर्दीपासून लांब असतो तो थोड्याच छेदांत एकटा पडतो. किती छेद लागले यावरून तो किती वेगळा ते ठरतं. लेबल लागत नाही.

सुरू केलं, आणि अलार्मचा पूर आला.

गणित आधी करायला हवं होतं. दर दहा मिनिटांनी एक निर्णय म्हणजे दिवसाला एका यंत्रामागे १४४. अशी ४२ यंत्रं म्हणजे ६,०४८. मॉडेल शंभरात एकदाच चुकतं असं धरलं तरी दिवसाला साठ खोटे अलार्म. पाळीतली माणसं दोन दिवस धावली, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रीनचा आवाज बंद केला, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. ज्या घंटेनं साठ वेळा फुकट उठवलं, तिच्यासाठी एकसष्टाव्या वेळी का उठावं?

खोटे अलार्म कुठून येतात ते बघायला मी एक आठवडा कंट्रोल रूममध्ये बसले. बहुतेक अलार्म ऑपरेटरनं काही केलं की यायचे. व्हॉल्व्ह चेपला की पंप त्याच्या ठरलेल्या प्रवाहापासून दूर जातो आणि खळखळायला लागतो. वेग बदलला की सगळ्या फ्रिक्वेन्सी सरकतात. मॉडेलच्या दृष्टीनं हे सगळं ‘वेगळं’च होतं, आणि ते खोटं बोलत नव्हतं. मी त्याला वेगळेपण विचारलं होतं आणि बिघाडाची अपेक्षा धरली होती. या दोन शब्दांतलं अंतर माझ्या अंगी मुरायला सर्वांत जास्त वेळ लागला.

तीन गोष्टी केल्या. मोटारीचा करंट आणि वेग मॉडेलला दिले, म्हणजे तुलना त्याच भारावरच्या निरोगी अवस्थेशी होऊ लागली. एका नोंदीवर अलार्म द्यायचं बंद केलं; सहा तासांतल्या बहुतांश नोंदी वेगळ्या आल्या तरच नाव वर येणार. बेअरिंगचा बिघाड सहसा आठवड्यांमध्ये वाढतो, तिथे सहा तास थांबल्यानं काही बिघडत नाही. आणि अलार्म पाळीतल्या माणसाकडे जाणं बंद केलं. रोज सकाळी एकच यादी निघायची, ती आधी मी बघायचे आणि मग काकांना दाखवायचे. यादीत दिवसाला दोन-तीन नावं उरली.

आता ज्या घटनेसाठी हे लिहायला घेतलं ती.

एका सकाळी यादीत एका पंपाची मोटर वर आली, कपलिंगकडचं, म्हणजे पंपाला जोडलेल्या बाजूचं, बेअरिंग. हातातल्या मीटरनं मोजलं तर सेकंदाला १.९ मिलिमीटर. त्या आकाराच्या आणि भक्कम पायावरच्या यंत्राला आयएसओच्या कोष्टकात २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवायला हरकत नसते. जुन्या वहीत मी बरोबरची खूण केली असती. पण कर्टोसिस ३ वरून साडेपाचच्या पुढे गेला होता.

मॉडेल एवढंच सांगत होतं की काहीतरी वेगळं आहे. काय वेगळं, ते शोधायला जुनं मेकॅनिकल ज्ञानच कामाला आलं. मोटर मिनिटाला १,४८० फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला २४.६७. बेअरिंग आठ गोळ्यांचं. आउटर रेसवर खड्डा असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात त्यावरून ३.०७ गोळ्या जातात, इनर रेसवर असेल तर ४.९३. दोन्हींची बेरीज नेहमी गोळ्यांच्या संख्येइतकी येते. हिशेब तपासायची ही सोपी खूण. म्हणजे बाहेरच्या खड्ड्याची फ्रिक्वेन्सी ७५.७ हर्ट्झ, आतल्याची १२१.६.

साध्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन ते दाखवणाऱ्या आलेखात, तिथे काहीच नव्हतं. नसतंच. आघात इतका हलका असतो की त्यानं हाउसिंग क्षणभर काही हजार हर्ट्झवर झणझणतं, घंटेवर टिचकी मारावी तसं. टिचक्या किती वेळा पडतात ते हवं असेल तर झणझणाटाचा चढउतार काढावा लागतो. त्यासाठी तो वरचा पट्टा गाळून घ्यायचा, त्याचं एन्व्हलप, म्हणजे हाच चढउतार, काढायचं आणि मग एन्व्हलपचा स्पेक्ट्रम. तो काढला आणि १२१.६ वर सुळका उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना, ९७ आणि १४६.३ वर, दोन लहान सुळके. अंतर बरोबर २४.६७. आतली रेस शाफ्टबरोबर फिरते, त्यामुळे तिच्यावरचा खड्डा प्रत्येक फेऱ्यात एकदा भाराखाली येतो आणि एकदा बाहेर जातो. आघात एकदा जोरात, एकदा हळू. बाजूचे सुळके त्यातून येतात. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेलं चित्र आपल्याच यंत्रात दिसलं की काय वाटतं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी तो आलेख प्रिंट करून काकांकडे पळाले.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ. "मला नाही येत काही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण इतक्या लवकर मला येतही नाही." हे दुसरं वाक्य त्यांनी स्वतःहून जोडलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

बंद करायचं की नाही यावर बैठक झाली. नियोजित शटडाऊन तीन आठवड्यांवर होता. रोज नजर ठेवायची आणि वाढलं तर थांबवायचं असं ठरलं. पहिले काही दिवस मॉडेलचा गुण, म्हणजे यंत्र निरोगी अवस्थेपासून किती वेगळं त्याचा आकडा, चढत गेला. मग उतरायला लागला. बाराव्या दिवशी तो जवळपास निरोगी पातळीला आला. कर्टोसिसही साडेपाचवरून चारवर घसरला होता. मी सकाळच्या बैठकीत सांगितलं की यंत्र सुधारतंय, बहुधा ग्रीसमधला कचरा असेल, तो निघून गेला असेल.

काका मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, बेअरिंग कधी आपोआप बरं झालंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मी दुसरं कुठलंही काम केलं नाही.

दुपारी सापडलं. ऋतू बदलतो, उत्पादनाचा भार बदलतो, म्हणून मॉडेल जुनं पडू नये यासाठी मी एक सोय केली होती. दर रात्री मागच्या तीस दिवसांच्या डेटावर ते नव्यानं शिकायचं. मला ती सोय शहाणपणाची वाटली होती. पण बिघाड सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, म्हणजे तीसमधले जवळपास निम्मे दिवस दुखऱ्या बेअरिंगचे होते. मॉडेल रोज रात्री बिघाडच निरोगी अवस्था म्हणून शिकत होतं आणि दर सकाळी मला सांगत होतं की सगळं नेहमीसारखं आहे. मी पहिल्या महिन्याचं गोठवलेलं मॉडेल काढून त्याच दिवसांवर चालवलं. त्याचा गुण एक दिवसही उतरला नव्हता. सरळ वर चढत होता.

आणि कर्टोसिस? तो खरोखरच उतरला होता, आणि हेच सर्वांत वाईट लक्षण होतं. खड्डा लहान असताना आघात एकेकटे, टोकदार असतात. खड्डा पसरला, कडा झिजल्या, आणखी ठिकाणी पापुद्रे निघाले की आघात एकमेकांत मिसळतात. सिग्नल पुन्हा सळसळीसारखा सपाट दिसू लागतो, फक्त मोठा. वरच्या पट्ट्यातली ऊर्जा त्या बारा दिवसांत तिपटीवर गेली होती. तो आकडा माझ्यासमोर रोज होता. मी बघत होते तो गुण, कारण तो एकच आकडा होता आणि बघायला सोपा होता.

दुसऱ्या दिवशी पंपाचं काम बदली यंत्रावर घेतलं आणि मोटर उघडली. बेअरिंग कापून रेस वेगळ्या केल्या. इनर रेसच्या गुळगुळीत मार्गावर नखाएवढा भाग उडाला होता. तळ करडा, खरबरीत, आणि गोळ्या ज्या दिशेनं जातात त्या बाजूची कड पुढे पुढे तुटत गेलेली. बोट फिरवलं की नख अडकत होतं. ग्रीस काळं पडलं होतं आणि चिमटीत चोळलं की त्यात चमचमणारे कण लागत होते. गोळ्यांवरही बारीक टिंबं उठली होती. काका म्हणाले, हे शटडाऊनपर्यंत गेलं नसतं. ते खरं की नाही, हे सिद्ध करता येत नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

त्यानंतर एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही: मॉडेल स्वतःहून पुन्हा शिकणार नाही. यंत्राची दुरुस्ती झाली, अलाइनमेंट झालं, ते आठवडाभर चाललं, आणि मी व काका दोघांनी हो म्हटलं, तरच निरोगी अवस्थेची नवी तारीख पडते. ती तारीख यंत्रावरच्या पाटीवर रंगवलेली असते. ऋतूचा प्रश्न उरतो. तो मी तापमान आणि भार मॉडेलला देऊन सोडवते, विसरायला शिकवून नाही.

यानंतर वरिष्ठांचा विश्वास बसला, आणि दोन महिन्यांत एक मोटर काही न सांगता गेली. टर्मिनल बॉक्समधला एक जोड ढिला होता, तो तापत गेला, एक फेज तुटला, मोटर ट्रिप झाली. आमचे सेन्सर कंपनाचे. त्यांच्या आकड्यांत शेवटच्या मिनिटापर्यंत काही नव्हतं. मला विचारलं गेलं की मॉडेलला का कळलं नाही. जे सेन्सरपर्यंत पोचतच नाही ते मॉडेलला कुठून कळणार? तेव्हापासून मी प्रत्येक यंत्राचा एक कागद केला आहे: हे कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतं आणि त्यातलं काय आपल्याला दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टींसमोर लाल रेघ. तो कागद मी स्वतःहून सगळ्यांना दाखवते. टर्मिनल बॉक्ससाठी आता थर्मल कॅमेऱ्यानं फेरी होते. त्यात मशीन लर्निंग काही नाही.

घटना जमत गेल्या तसं निदानाचंही मॉडेल करता आलं. लोकांनी डीप लर्निंग, म्हणजे अनेक थरांचं न्यूरल जाळं, सुचवलं. माझ्याकडे तेव्हा साठेक नावं असलेल्या घटना होत्या. तेवढ्यावर मोठं जाळं शिकवलं तर ते पाठ करतं. मी ब्रायमन यांचं २००१ चं रँडम फॉरेस्टच, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांचं मत घेणारी पद्धत, घेतलं, आणि त्याला कच्चा सिग्नल न देता अर्थ असलेले आकडे दिले. फेऱ्याच्या फ्रिक्वेन्सीला वाढ असेल तर असंतुलनाकडे कल, दुपटीला आणि शाफ्टच्या दिशेनं वाढ असेल तर अलाइनमेंटकडे, पटींची रांगच्या रांग उठली तर ढिलेपणाकडे, एन्व्हलपमध्ये ७५.७ किंवा १२१.६ सारखं काही असेल तर बेअरिंगकडे. आकडे फेऱ्यांच्या पटीत दिले, हर्ट्झमध्ये नाहीत, म्हणून एका पंपावर शिकलेलं दुसऱ्या ब्लोअरलाही लागू पडलं. परीक्षा घेताना एक यंत्र पूर्ण बाहेर ठेवायचं, बाकीच्यांवर शिकवायचं, असं प्रत्येक यंत्राचं. अचूकता ९९ च्या जवळपासही नाही. पण जी आहे ती नव्या यंत्रावरही टिकते.

एक वर्ग मी सुरुवातीला ठेवलाच नव्हता, आणि तोच सर्वांत जास्त वेळा येतो: सेन्सरचा बिघाड. केबल घासली गेली, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, साफसफाईत कुणीतरी सेन्सर हलवला. यंत्र ठणठणीत आणि मॉडेल ओरडतंय. हा वर्ग वेगळा केल्यावर फिटर मंडळींच्या फुकट फेऱ्या जितक्या कमी झाल्या, तितक्या दुसऱ्या कशानंही झाल्या नाहीत.

सकाळच्या यादीत आता प्रत्येक यंत्रासमोर तीन ओळी असतात. काय बदललं, कधीपासून, आणि जाऊन आधी काय बघायचं. ‘विसंगती गुण ०.७१’ असं लिहिलेला कागद घेऊन कुणी कुठे जात नाही. ‘बुधवारपासून दुपटीचं कंपन वाढलंय, कपलिंग आणि पायाचे बोल्ट बघा’ असं लिहिलं की माणूस पाना घेऊन निघतो. चौथा रकाना रिकामा असतो: काय सापडलं. तो भरून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. आधी लोक फक्त काही सापडलं तरच लिहायचे. काही सापडलं नाही हे लिहिणं म्हणजे कुणाची तरी तक्रार, असं त्यांना वाटायचं. मी प्रत्येक पाळीत जाऊन सांगितलं की ‘काही नाही’ हे माझ्यासाठी तितकंच मोलाचं आहे, त्यावरूनच मॉडेलचा कान नीट होतो. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलानं लिहिलं होतं: ‘बोल्ट घट्ट, कपलिंग नीट, पण मोटारीच्या एका पायाखालची शिम (पातळ पट्टी) गंजून पातळ झालीय.’ अशा नोंदीवर मी लेबल डोळे मिटून लावते.

गिअरबॉक्स मात्र अजून माझ्या हाती आलेले नाहीत. त्यांचा वेग दहा सेकंदांतही स्थिर राहत नाही, त्यामुळे सुळके पसरून आडवे होतात आणि दातांची फ्रिक्वेन्सी शेजारच्यांत मिसळून जाते. यावर उपाय माहीत आहे: वेळेप्रमाणे मोजण्याऐवजी शाफ्टच्या कोनाप्रमाणे मोजायचं, म्हणजे वेग बदलला तरी एका फेऱ्यात दात तेवढेच. त्यासाठी शाफ्टवर प्रत्येक फेऱ्याला एक खूण देणारा टॅकोमीटर हवा, आणि गिअरबॉक्सचं कव्हर शटडाऊनशिवाय उघडत नाही. येत्या शटडाऊनच्या यादीत तीन कव्हरं टाकली आहेत. टॅको कुठे बसवायचा ते काकांनी खडूनं आखून ठेवलंय, आणि या वेळी मी सेन्सरला हात लावायच्या आधी त्यांना विचारलं.